परत आलेली गोधडी

अभिमनने पोतं ओट्यावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकला. खताचं जुनं पोतं होतं. तोंड सुतळीने आवळलेलं, वर दुहेरी गाठ, आतलं काही पळून जाणार असावं तशी. धुळ्यातल्या देवपूरहून त्याने ते एस.टी.च्या टपावर टाकून आणलं होतं. गाडीत मांडीवर घेऊन का आणलं नाही, हे तो सांगत नव्हता.

“तुमनी इहीनबाईनी धाडं,” एवढंच तो म्हणाला.

धुरपदाबाई हात पुसत बाहेर आली. लेकीच्या सासरहून पोतं आलंय म्हटल्यावर बाईमाणसाला आधी चांगलंच काही सुचतं. गाठ सुटेना तेव्हा तिने विळ्याने सुतळी कापली. आत गोधडी होती. तिनेच शिवलेली. जमनाच्या लग्नाआधीचा अख्खा हिवाळा ती या गोधडीवर वाकून बसली होती. तिचं अंजिरी लुगडं, नवऱ्याचं धोतर, जमनाच्या लहानपणच्या परकराचे तुकडे, सगळं त्यात होतं. आता कुणीतरी गोधडीवर कढत पाणी ओतलं होतं. अंजिरी रंग धोतरावर उतरला होता आणि टाक्यांच्या रांगांत काळे ठिपके बसले होते. ते ठिपके कशाचे, हे कळायला कोणाला शाळेत जावं लागत नाही.

“निरोप शे,” अभिमन म्हणाला.

“सांग.”

“गोधडीमा ढेकून उनात, म्हने. बठ्ठा घरमा व्हई गयात. ढेकनासना घरमा सून धाडाव नही, म्हने. पन पहिली आखाजी शे, लोके नावं ठेवतीन, म्हनीसन आखाजीना दोन दिन पहिले त्या सोता जमनाले ली येतीन. घर देखतीन. चांगलं दिखनं तं ठेवतीन. नही तं त्याच मोटरवर परत ली जातीन.”

अभिमन गावातलाच. मलेरिया खात्यात फवारणीच्या टोळीवर होता आणि आठवड्यातून एकदा धुळ्याच्या कचेरीत जायचा. निरोप सांगून झाल्यावर त्याने शर्टाची बाही झटकली. धुरपदाबाईने ते पाहिलं.

शेजारच्या ओट्यावर तिची थोरली जाऊ ताईबाई तूर पाखडत होती. तिचं सूप थांबलं होतं. अकरा वर्षांपूर्वी भावाभावांची वाटणी झाली, एका घराची दोन घरं झाली आणि मध्ये मातीची भिंत उभी राहिली. थोरला भाऊ पुढे वारला, भिंत राहिली. तेव्हापासून या दोघी जावा फक्त भांडायला बोलत. ताईबाई सुपाकडे पाहतच म्हणाली, “आमना ढेकून देवपूरले बी पोहचनात का? बरं शे. आमी तं अजून देवपूर देखं बी नही.”

धुरपदाबाईने गोधडी उचलली आणि आत नेली. तिला रडू आलं नाही. तिला फार राग आला, आणि तो नेमका कोणावर काढावा हे कळेना.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली नाही तर खानदेशात गाव कारण विचारत नाही, स्वतःच तयार करतं. लग्नानंतरची पहिली आखाजी असेल तर मग बघायलाच नको. झाडाला दोर बांधलेले असतात, सगळ्यांच्या लेकी झोके घेत गाणी म्हणत असतात, आणि ज्यांची आली नाही त्यांच्या दारावरून जाताना बाया मुद्दाम हळू चालतात. जमना एकुलती एक. ती अशी परत गेली असती तर धुरपदाबाईला विहिरीवर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

हे फाल्गुनाच्या शेवटी घडलं, साल एकोणसत्तर. अजून महिनाभर हाताशी होता. एरवी महिना फार झाला असता. चैत्राचं ऊन माणसाला मारतं तसं ढेकणालाही मारतं. बाजा अंगणात उभ्या करायच्या, काठीने बडवायच्या, खाली पडलेले ढेकूण तापल्या दगडावर दोन हात पळाले तर पुष्कळ. चार उन्हं दिली की घर मोकळं. गावाला दुसरं औषध माहीत नव्हतं आणि लागतही नव्हतं.

पण त्या साली ऊन आलंच नाही. पाडव्याच्या आधी दोन दिवस आभाळ भरलं आणि पाऊस सुरू झाला. पावसाळ्यासारखा कोसळून मोकळा होणारा नव्हे, तर चिपचिप करत बसणारा. दिवसभर पडायचा, दुपारी थांबायचा, परत लागायचा. धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, अजून नवी खारी माती टाकलेली नव्हती, ती तर मृगाच्या तोंडावर टाकतात. धाबं प्यायलं. आढ्याच्या लाकडांना घाम सुटल्यासारखं पाणी दिसू लागलं. उखर्डूचा, म्हणजे धुरपदाबाईच्या नवऱ्याचा गहू खळ्यात झाकून ठेवलेला होता, तो खालून ओलावला. घरात आणून पसरला तर चार दिवसांत त्यात सोंडे चालायला लागले.

मग एकेक करून सगळेच आले. मुंग्यांनी चुलीमागून अंडी उचलली आणि देवाच्या फळीवर नेऊन ठेवली. दाराच्या चौकटीवर वाळवीने मातीची बोटभर जाड नळी काढली. सकाळी पुसली की संध्याकाळी परत तिथेच. उखर्डूच्या चपलेत गोम निघाली. आणि ढेकूण तर ऊब आणि ओल दोन्ही मिळाल्यावर असे वाढले की मोजण्यात अर्थ राहिला नाही. धुरपदाबाईच्या मानेवर, दंडावर, पोटऱ्यांवर गांधी उठल्या. ती दिवसा काम करताना खाजवायची आणि खाजवताना कोणी पाहत नाही ना, हे पाहायची.

तरी ती हटली नाही. तिने दोन्ही बाजांच्या सुतळ्या उसवल्या, उकळत्या पाण्यात टाकल्या. कपाशीच्या पऱ्हाट्या ओल्या, त्या पेटायच्या नाहीत, नुसता धूर. फुंकणीने फुंकून तिचे डोळे लाल झाले. बाजेच्या खुरांच्या भोकांत तिने रॉकेल ओतलं. सीताफळाचा पाला वाटून भेगांत भरला. उखर्डू मुकाट्याने सुतळ्या पिळायचा, बाज परत विणायचा. तो मुळात कमी बोलणारा, आणि बायको अशी पेटलेली असताना तर त्याची जीभ टाळूलाच चिकटायची.

“ऊन पडी तं बठ्ठं नीट व्हई,” एकदा त्याने धीर करून म्हटलं.

“कव्हय पडी? आखाजी व्हई गयानंतर?”

तो परत सुतळीकडे वळला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. धुरपदाबाईच्या भिंती गावात प्रसिद्ध होत्या. तिचं रूप बेताचं, जमीन बेताची, पण भिंत पाहावी तर तिची. नाल्याच्या कडेची पांढरी माती ती स्वतः खणून आणायची, कापडातून गाळायची, शेणात कालवून हाताने असा पोत द्यायची की हात फिरवला तर बोटाला खडा लागू नये. नवीन सून घरात आली की गावच्या सासवा तिला म्हणत, जा, धुरपदाची भिंत पाहून ये. एवढं एकच कौतुक तिच्या वाट्याला आलेलं होतं आणि ते ती जिवापाड जपायची.

म्हणून आखाजीला तेवीस दिवस उरले तेव्हा तिने ठरवलं, ढेकूण मरोत न मरोत, व्याहीण दारात उभी राहील तेव्हा तिची नजर आधी भिंतीवर पडली पाहिजे. पावसात नाल्यावर जाऊन तिने आठ पाट्या माती आणली. घसरून एकदा गुडघ्यावर पडली. तीन दिवस ती खोल्या सारवत होती. ओल्या हवेत सारवण वाळेना, पण दिसायला मात्र घर असं झालं की उखर्डूने चपला बाहेर काढल्या.

चौथ्या दिवशी मलेरियावाले आले. चैत्रातच पाऊस, डबकी साचलेली, मच्छर झालेले, म्हणून त्यांची फेरी लवकर निघाली होती. पुढे अभिमन, खांद्यावर नळी, मागे पंप आणि बादली घेतलेले दोघे.

“वहिनी, सामान बाहेर काढा,” अभिमन म्हणाला.

धुरपदाबाई दारात आडवी उभी राहिली. “मनी भीत वली शे. डाग पडतीन.”

“डाग पडतीसच. औसद शे ते.”

“आनि फवारं का ढेकून पिसाळतस. मागला साल देखं मी. व्हतात तेनाथीन दुप्पट निंघनात.”

“आठ दिन पिसाळतस, मंग मरतस. सरकारी काम शे, वहिनी.”

“सरकारले सांग, धुरपदा घरमा नही.”

तिने त्याच्या तोंडावर दार लावून घेतलं. मग गेरूचा खडा दारावर घासल्याचा आवाज आला. ते गेल्यावर तिने पाहिलं. दारावर तारीख होती आणि खाली ‘बंद’ असं लिहिलेलं होतं.

ताईबाईने मात्र आपलं घर उघडून दिलं. तिने भांडी, पेटी, पोती सगळं आधीच अंगणात काढून ठेवलेलं होतं. मधल्या भिंतीपलीकडून पंपाचा खर्र-खर्र आवाज बराच वेळ येत राहिला. धुरपदाबाई आपल्या बाजूला उभी राहून ऐकत होती. तो उग्र वास तिच्याही घरात आला. तिने नाकाला पदर लावला आणि आपण बरोबर केलं असं स्वतःला सांगितलं.

दोन दिवसांनी, भर दुपारी, ती गहू निवडत बसली होती. मान वर केली तर मधल्या भिंतीवर, आढ्याच्या टोकाशी जिथे भेग होती तिथून, एक ढेकूण बाहेर आला. त्याच्या मागे दुसरा. पांढऱ्याशुभ्र मातीवर ते तांबडे ठिपके इतके स्पष्ट दिसत होते की तिला वाटलं, कुणी कुंकू झटकलंय. ते घाईघाईने खाली उतरत होते. दिवसाढवळ्या, रांगेने, तिच्या बाजेकडे.

तिने चप्पल घेऊन पहिले पाच-सहा ठेचले. सारवणावर लाल डाग पडले आणि घाण वास सुटला. मग तिचा तोल गेला. तशीच चप्पल हातात घेऊन ती ताईबाईच्या अंगणात गेली.

“जीजी, तुना घरना बठ्ठा ढेकून मना घरमा धाडी राहिनी तू.”

ताईबाई भाकरी थापत होती. उठलीही नाही. “मना घरना कसावरथीन? त्यासना अंगवर मनं नाव लिखेल शे का?”

“भीतमातीन ई राहिनात. मी मना डोयाघाई देखं.”

“मंग भीतले इचार. वाटनीले भीत दोन्हीसनी म्हनी ठरनी व्हती. भीतमधला ढेकून बी दोन्हीसना.”

गल्लीत बाया जमल्या. धुरपदाबाईने ताईबाईच्या माहेरचा उद्धार केला, तिच्या पोरांचा केला, मेलेल्या थोरल्या दिरालाही सोडलं नाही. ताईबाईने शांतपणे भाकरी तव्यावर टाकली, पिठाचे हात झटकले आणि म्हणाली, “तुनी गोधडी परत उनी, ती काय मी शिवी व्हती?”

कोणीतरी फिसकन हसलं. धुरपदाबाईच्या तोंडात मारल्यासारखं झालं. ती चप्पल पायात न घालता, तशीच हातात धरून घरी परतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डोक्यावर रिकामं पोतं घेतलं आणि चिखलातून दोन कोस चालत पुढच्या गावी गेली. मलेरियावाल्यांचा मुक्काम तिथल्या शाळेत होता. अभिमन ओसरीत पंपाची नळी साफ करत होता. त्याने तिला पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. ती पायरीखाली उकिडवी बसली. पाऊस भुरभुरत होता. त्याने नळी धुतली, पंपाला तेल दिलं, सोबत्यांबरोबर भाकरी खाल्ली, विडी ओढली. मग विचारलं, “काय वहिनी?”

“घर फवारनं शे.”

“तुमनं घर तं बंद शे. मी सोता लिखं.”

सोबती हसले. धुरपदाबाईने मान खाली घातली. लुगड्याच्या ओल्या काठाला ती पीळ देत राहिली. “चुकनं मनं,” ती म्हणाली. आयुष्यात हे दोन शब्द तिने कोणाला म्हटले नव्हते, नवऱ्यालाही नाही.

अभिमन तेवढ्यावर सोडता तर बरं झालं असतं. पण त्या दिवशी दार त्याच्या तोंडावर लागलं होतं आणि मागे दोन माणसं उभी होती. तो विसरला नव्हता.

“मागला साल बी मीच फवारं तुमनं घर,” तो म्हणाला. “जमनाना लगीनले पंधरा दिन व्हतात. आनि तिसरा दिन तुमी वरथीन सारवी लिधं. मी देखं ना, लगीनमा. भीत कशी चकचक करे. औसद भीतमा गाडी दिधं तुमी. वर नवी माती, शेननी ऊब. ढेकनासले आजून काय पाहिजे? आनि ती गोधडी कोठे व्हती तव्हय? त्याच भीतले लाईसन ना?”

त्याच भिंतीला लावून होती. घडी करून, लाल कापडात बांधून, रुखवताच्या इतर सामानासोबत, पंधरा दिवस. धुरपदाबाईला ते आठवलं. लोकांनी लग्नात ज्या भिंतीचं कौतुक केलं त्याच भिंतीने गोधडी नासवली होती, आणि भिंत सारवली होती तिने. तिला अभिमनचा मनापासून तिरस्कार वाटला. खोटं बोलणाऱ्याचा राग दोन दिवसांत जातो. खरं बोलणाऱ्याचा जात नाही.

“मंग काय करू?” तिने विचारलं.

“सारवेल बठ्ठं खरडा. कोरडी भीत पाहिजे. परवा सकायले येस.”

ती घरी आली आणि लगेच खुरपं घेऊन भिंतीला लागली. तीन दिवस लावून दिलेला पोत पापड्यांनी खाली पडू लागला. माती केसांत गेली, डोळ्यांत गेली, खाजवून फुटलेल्या गांधींत गेली आणि झोंबली. उखर्डू शेतातून आला, दारातच थांबला.

“दे, मी खरडस,” तो म्हणाला.

“हात नको लावू,” ती म्हणाली. “मी लाई व्हती. मीच काढसू.”

दोन दिवस ती खरडत होती. भिंत खाली उघडी पडली तेव्हा तिच्यावर गेल्या सालच्या फवाऱ्याचे जुने पांढरे ओघळ दिसले. त्या ओघळांच्या आणि सारवणाच्या मधल्या फटीत ढेकणांची अंडी होती, वाळूसारखी, मुठीमुठीने.

परवा म्हटल्याप्रमाणे अभिमन आला, फवारून गेला आणि ‘बंद’वर काट मारून नवी तारीख लिहून गेला. सात-आठ दिवस घरात पाऊल टाकवत नव्हतं. ढेकूण खरोखरच पिसाळले, चुलीत चढले, पाण्याच्या घड्यावर चढले. नवराबायको अंगणातल्या निंबाखाली ओलं गोणपाट टाकून राहिले. ताईबाई आपल्या ओट्यावरून पाहायची. “आखाजीले धुरपदानी भीत देखाले येतीन बाया,” ती वाऱ्याला सांगायची. “म्हैसना अंगनागत दिखी राहिनी.”

धुरपदाबाईचे हात सारवायला शिवशिवत. पांढरी माती घरात पडलेली होती. ओघळांनी बरबटलेल्या त्या भिंतीकडे पाहिलं की तिला भर चौकात पदर सुटल्यासारखं वाटायचं. पण तिने मातीला हात लावला नाही.

आखाजीला सहा दिवस राहिले आणि एका सकाळी आभाळ फाटलं. ऊन पडलं ते असं, की दुपारपर्यंत अंगणातले दगड भाजू लागले. बाजा, पेटी, पोती, पाट, सगळं बाहेर आलं. गोधडीही आली. तिने ती निंबाच्या फांदीवर टाकली, प्रत्येक टाका सुईने उकरून पाहिला. घरातून केरसुणीने मेलेले ढेकूण निघाले ते सूपभर. औषधाने मेले की उन्हाने, कोण सांगणार. तिने ते पऱ्हाट्यांवर टाकून जाळले आणि जळेपर्यंत तिथे उभी राहिली.

ठरल्या दिवशी दुपारच्या मोटरने व्याहीण आली. मंजुळाबाई. नवरा देवपूरच्या एका शाळेत शिपाई, घरात नळ आणि खाली शहाबादी फरशी, तेवढ्यावर बाई नाकाने कांदे सोलायची. अंगावर जाड काठाचं लुगडं, काखेत कापडी पिशवी. मागे पत्र्याची ट्रंक घेतलेली जमना. पोर वाळली होती.

“तू इथंच उभी राहा,” मंजुळाबाई सुनेला म्हणाली. “ट्रंक खाली ठेवू नको.”

जमना अंगणात, उन्हात, ट्रंक डोक्यावर घेऊन उभी राहिली. तिने आईकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. ताईबाई आपल्या ओट्यावर येऊन बसली.

रीतीप्रमाणे धुरपदाबाई पितळी परात आणि तांब्या घेऊन दाराबाहेर आली. व्याहीण उंबऱ्याच्या बाहेरच पाटावर उभी राहिली. धुरपदाबाई खाली बसली, तिच्या पायांवर पाणी घातलं, पाय चोळले. पुसायला म्हणून मान वर केली आणि तिचा हात थांबला.

व्याहिणीच्या कमरेशी खोचलेल्या पदराच्या घडीतून एक ढेकूण बाहेर आला होता. चांगला पोसलेला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. तो काठावरून सावकाश वर चालला होता. बाईने अजून घरात पाऊलही टाकलेलं नव्हतं.

धुरपदाबाईच्या तोंडात शब्द आले. सगळे आले. गोधडी, पोतं, ‘बंद’, शाळेची पायरी, खरडलेली भिंत. नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. समोर ताईबाई होती, गल्ली होती. मग तिला ट्रंकखाली वाकलेली जमनाची मान दिसली. तोंडघशी पडलेली सासू सुनेला माहेरी ठेवत नाही. ती तिला त्याच मोटरने घरी नेते आणि वर्षभर त्याची भरपाई करून घेते.

“पदर वला व्हई राहिना, इहीनबाई,” ती म्हणाली. घडी सावरल्यासारखं करून तिने ढेकूण चिमटीत उचलला आणि डाव्या मुठीत घेतला. चिरडला नाही. चिरडला असता तर वास सुटला असता.

मंजुळाबाई आत आली. भिंतींकडे पाहून तिने तोंड वाकडं केलं. “हे काय? सारवलं नाही आखाजीला?”

“औसद शे ते. सारवं तं औसद मरस.”

“हं.” तिने केसातला आकडा काढला आणि बाजेच्या सांध्यात घालून फिरवला. काही निघालं नाही. पोती हलवून पाहिली, देवाची फळी पाहिली, हुंगलं. धुरपदाबाई मागे मागे फिरत होती. मुठीत ढेकूण चालत होता. मग तो थांबला आणि तळहाताच्या मधोमध चावला.

“ही बाज उलटी करा,” मंजुळाबाई म्हणाली.

धुरपदाबाईने उजव्या हाताने बाज उचलली. जड सागवानी बाज, एका हाताला पेलेना. एक खूर उचलला, घसरला.

“दोन्ही हात लावा ना. हाताला काय झालं?”

धुरपदाबाईच्या कपाळावर घाम आला. तेवढ्यात दारातून सावली पडली. ताईबाई आत आली होती, अकरा वर्षांत पहिल्यांदा. कोणाकडे न पाहता तिने बाजेचं दुसरं टोक धरलं. “मी धरस,” ती म्हणाली, आणि दोघींनी मिळून बाज उलटी केली.

बाजेत काही नव्हतं. मंजुळाबाईने घडी करून ठेवलेली गोधडीही उलगडून पाहिली, टाक्यांत आकडा घातला. काही नव्हतं.

“बरं केलं,” शेवटी ती म्हणाली. “माणसाने स्वच्छ राहावं. आमच्या घरात या गोधडीआधी ढेकूण औषधालाही सापडला नसता.”

“हां,” धुरपदाबाई म्हणाली.

“पौर्णिमेपर्यंत ठेवा तिला. पण जाताना बरोबर अंथरूण-पांघरूण काही देऊ नका.”

चहा पिऊन ती परतीच्या मोटरला गेली. धुरपदाबाईने चहा उजव्या हाताने दिला, कुंकू उजव्या हाताने लावलं, ओटी उजव्या हाताने भरली. मोटर नाल्यापलीकडे दिसेनाशी झाली तेव्हा ती अंगणातल्या दगडाजवळ बसली आणि मूठ उघडली. तळहात घामाने भिजलेला होता, त्यावर तीन लाल ठिपके होते. ढेकूण जिवंत होता.

“मी देखं व्हतं,” मागून ताईबाई म्हणाली. “तिना तोंडवर काबरं नही फेका?”

“फेकतू तं पोर परत जाती.”

“तुनासाठे नही धरी बाज मी. पोर घरनी शे.”

“माले म्हाईत शे.”

जमनाने ट्रंक खाली ठेवली होती. ती जवळ आली, वाकली, आईच्या तळहाताकडे पाहिलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. ती बराच वेळ त्या किड्याकडे पाहत राहिली.

“माय,” ती हळूच म्हणाली, “त्या गोधडीना पहिले बी व्हतात त्यासना घरमा. पलंगना खुरमा. मी पहिलाच दिन देखात. गोधडी तं मी सोडी बी नही व्हती तव्हय.”

धुरपदाबाईने मान वर केली. “मंग सांगं काबरं नही?”

“कोनले सांगू?” जमना म्हणाली. “नवी सून मी.”

आत खरडलेली भिंत दिसत होती, ओघळांसकट. धुरपदाबाईने तळहात दगडावर उलटा केला, ढेकूण खाली टाकला आणि त्याच्यावर अंगठ्याचं नख टेकवलं. वास सुटला. ती तशीच बसून राहिली, नख दगडाला दाबून.

“ऊठ,” ताईबाई म्हणाली. “हात धुई ले, आनि पोरले जेवाले वाढ.”